आजीचा जुडगा स्टॉकहोमला जातो

तुमच्या घराची किल्ली कुठे ठेवलेली असते? दाराशेजारच्या खिळ्याला? शेजारच्या काकूंकडे? की तुळशीवृंदावनामागच्या त्या कोनाड्यात, जो फक्त आपल्यालाच ठाऊक आहे असं घरातल्यांना वाटतं आणि जो खरं तर सगळ्या गल्लीला ठाऊक असतो?

आमच्या वाईच्या घराच्या किल्ल्या माझ्या आईच्या कमरेला असतात. माझी भाची तिला आजी म्हणते, म्हणून मीही इथे आजीच म्हणतो. आजीच्या जुडग्यात नऊ किल्ल्या आहेत. पुढच्या दाराची, मागच्या दाराची, कोठीची, कपाटाची, देवघरातल्या पेटीची... आणि दोन किल्ल्या अशा, की त्यांची कुलुपं आता घरात कुठेच नाहीत. "असू दे. किल्ली टाकू नये," असं आजीचं म्हणणं. हा जुडगा वाजला की आम्हाला कळतं, आजी कुठल्या खोलीत आहे ते.

तर हा जुडगा गेल्या फेब्रुवारीत थेट स्वीडनला जाऊन आला. त्याची ही गोष्ट.

माझा धाकटा भाऊ उप्सालाला शिकतो. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम. तिथून उत्तरेला रेल्वेनं पाऊण तासाच्या आत उप्साला येतं. भावाची खोली एवढीशी, की त्यात तो आणि त्याची सायकल यांपैकी एकच जण आरामात राहू शकतो. म्हणून आम्ही तिघांनी, म्हणजे आजी, अकरा वर्षांची माझी भाची आणि मी, स्टॉकहोममध्ये एका छोट्या हॉटेलात मुक्काम केला. मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या वेळी आजीला जुडगा काढून ट्रेमध्ये ठेवावा लागला. तो यंत्रातून पलीकडे जाईपर्यंत तिनं नजर काढली नाही.

हॉटेलच्या दाराशी पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते आणि अंधारू लागलं होतं. फेब्रुवारीच्या मध्यावर तिथे पावणेपाचच्या आसपास सूर्य मावळतो. पायाखाली बर्फ, आणि बर्फावरून पाय घसरू नये म्हणून टाकलेली बारीक खडी. दार बंद. मी खिशातून मोबाइल काढला, दाराच्या काळ्या पट्टीजवळ धरला. हिरवा दिवा लागला, खट् असा आवाज झाला, दार उघडलं. लिफ्टमध्ये पुन्हा मोबाइल. चौथ्या मजल्यावर खोलीच्या दाराशी पुन्हा मोबाइल. खट्!

"तीन वेळा," भाची म्हणाली. तिला मोजायची सवय आहे. ही सवय पुढे फार उपयोगी पडली, पण ते नंतर.

आजी दारातच उभी. "किल्ली कुठाय?"

"हीच किल्ली," मी मोबाइल दाखवला.

"हा फोन आहे."

"फोनच्या आत किल्ली आहे, आई."

आजीनं फोन हातात घेतला, उलटा करून पाहिला, परत दिला. "आणि तू बाहेर गेलास की आम्ही काय करायचं?"

प्रश्न अगदी सरळ होता. मी हसून म्हणालो, "मी कुठे जाणार आहे?" कार्यालयातल्या माणसानं सांगितलं होतं, की ही किल्ली दुसऱ्या फोनवरही पाठवता येते. पण आजीचा फोन जुना, बटणांचा. भाचीकडे फोनच नाही. म्हणजे तीन माणसं आणि किल्ली एक. आता तुम्ही म्हणाल, मामाला तेव्हाच कळायला हवं होतं. हवं होतं खरं.

असो. या फोनच्या किल्लीची गंमत अशी, की तिच्या अगदी सुरुवातीच्या चाचण्यांपैकी एक याच स्टॉकहोम शहरात झाली. साल २०१०, महिना नोव्हेंबर. शहराच्या दक्षिण भागात स्कान्स्तुल नावाचा चौक आहे. तिथल्या क्लॅरिअन हॉटेलनं काही पाहुण्यांना खास मोबाइल दिले. हॉटेलात येण्याआधीच किल्ली हवेतून त्या मोबाइलवर यायची. पाहुण्यानं कार्यालयात न थांबता थेट खोलीकडे जायचं आणि फोन कुलपाला टेकवायचा. लक्षात घ्या, त्या वेळी बहुतेकांच्या फोनमध्ये अशी सोय नव्हतीच, म्हणून फोनही द्यावे लागले! पुढे २०१४ च्या नोव्हेंबरात स्टारवुड या अमेरिकी कंपनीनं आपल्या दहा हॉटेलांत पाहुण्यांच्या स्वतःच्या फोनवर किल्ली द्यायला सुरुवात केली, २०१५ मध्ये हिल्टननं, आणि मग ही पद्धत जगभर पसरत गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम स्कान्स्तुलला जाऊन ते हॉटेल बाहेरून पाहून आलो. आजीला त्यात काही विशेष वाटलं नाही. "इथे पहिली पोळी लाटली असं म्हणून लाटणं बघायला गेल्यासारखं झालं," ती म्हणाली.

पण फोन कुलूप उघडतो कसा? भाचीनं विचारलं आणि मला समजावून सांगावं लागलं.

तुमच्यापैकी बरेच जण एस.टी.चा पास काढून शाळेला जात असतील. कंडक्टर पास बघतो तेव्हा काय करतो? डेपोत फोन लावून 'या मुलाला बसू देऊ का' असं विचारतो का? नाही. तो पासवरचा शिक्का बघतो, कुठून कुठपर्यंत ते बघतो आणि तारीख बघतो. शिक्का खरा, मार्ग बरोबर, तारीख उलटलेली नाही, तर 'बस बाळ'. हॉटेलच्या दारावरचं कुलूप हा असाच एक कंडक्टर आहे. बहुतेक ठिकाणी त्याला इंटरनेट जोडलेलं नसतं. त्याच्या पोटात साधे पेन्सिल सेल असतात, एक छोटा संगणक असतो आणि एक घड्याळ असतं. हॉटेलचा मोठा संगणक तुमच्या फोनवर जो पास पाठवतो त्यात लिहिलेलं असतं: अमुक खोली, अमुक दिवशी दुपारपासून अमुक दिवशी सकाळपर्यंत. आणि त्यावर गुप्त लिपीतला असा शिक्का असतो, की तो फक्त त्या हॉटेलच्या कुलपांनाच ओळखता यावा. फोन जवळ नेला की दोघांचं रेडिओलहरींनी कुजबुजत बोलणं होतं. काही कुलपं ब्लूटूथनं बोलतात, काही एनएफसीनं. एनएफसीला फोन अगदी दोन-चार सेंटिमीटरवर न्यावा लागतो. बोलणं पटलं की एक छोटी मोटर फिरते आणि तो खट् आवाज येतो. मुक्काम संपला, तारीख उलटली, की पास आपोआप रद्द. किल्ली परत करायचा प्रश्नच नाही.

पूर्वी हा प्रश्न फार मोठा होता बरं का. पितळी किल्ली पाहुण्याच्या खिशातून थेट त्याच्या गावाला जायची. म्हणून हॉटेलवाले किल्लीला मुद्दाम जड लटकन लावत, म्हणजे ते खिशात ठेवताच येऊ नये. अमेरिकेत तर लटकनावर लिहिलेलं असे, की चुकून सोबत नेली असेल तर कोणत्याही टपालपेटीत टाका, टपालखर्च आम्ही देऊ! पण जी किल्ली परत यायचीच नाही, तिचं काय? ती कुणाच्या हातात पडली असेल? आणि परत आलेल्या किल्लीची मधल्या काळात नक्कल झाली नसेल कशावरून?

या प्रश्नाचं उत्तर शोधलं ते स्वीडनच्या शेजारच्या नॉर्वेतल्या एका माणसानं. त्याचं नाव टूर सोर्नेस. मॉस नावाचं एक बंदराचं गाव आहे, तिथल्या कुलपांच्या कारखान्यात तो काम करायचा. त्याचे वडील रास्मुस सोर्नेस हे अफाट घड्याळं बनवणारे. नुसती वेळ नव्हे, तर सूर्य-चंद्र-ग्रह यांच्या गती दाखवणारं घड्याळ त्यांनी घडवलं होतं. मुलाच्या हातात ते कौशल्य आलं. सत्तरच्या दशकात टूरनं प्लॅस्टिकचं एक कार्ड काढलं. त्यावर बत्तीस जागा. प्रत्येक जागी एक तर भोक आहे किंवा नाही. बस, एवढंच!

आता वही-पेन्सिल घ्या. एका जागेचे दोन प्रकार. दोन जागांचे चार. तीन जागांचे आठ. असं दुपटीनं बत्तीस वेळा गेलात तर आकडा येतो ४,२९,४९,६७,२९६. सव्वाचार अब्जांहून जास्त! त्या वेळी सगळ्या जगाची लोकसंख्याच सुमारे चार अब्ज होती. म्हणजे पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला वेगळी किल्ली देऊनही काही उरल्या असत्या. पाहुणा बदलला की भोकांची नक्षी बदलायची आणि कुलपालाही नवी नक्षी शिकवायची. जुनं कार्ड कुणाकडे का असेना, ते आता नुसता प्लॅस्टिकचा तुकडा. भोकांचं कार्ड, मग चुंबकीय पट्टीचं कार्ड, मग नुसतं टेकवायचं कार्ड आणि आता फोन. रूप बदललं, पण 'दर पाहुण्याला नवी किल्ली' ही कल्पना सोर्नेसचीच.

कुलपांच्या बाबतीत या उत्तरेकडच्या थंड देशांचं काहीतरी नातं आहे खरं. कुलपं बनवणारी अस्सा अब्लॉय ही जगातली एक फार मोठी कंपनी. तिचं मुख्य कार्यालय स्टॉकहोमलाच आहे. स्वीडनची अस्सा आणि फिनलंडची अब्लॉय १९९४ मध्ये एकत्र येऊन ती झाली. आणि त्याच्याही कितीतरी आधी इथे क्रिस्टोफर पोलहेम होऊन गेला.

पोलहेमविषयी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जन्म १६६१. लहानपणीच वडील गेले, घरची गरिबी. घड्याळं दुरुस्त करता करता तो मोठा यंत्रकार झाला. स्येर्नसुंद या गावी त्यानं पाण्याच्या जोरावर चालणारा कारखाना काढला आणि तिथे इतर वस्तूंबरोबर कुलपंही बनवली. त्याच्या कुलपाच्या पोटात चकत्या असत. योग्य किल्ली फिरवली की सगळ्या चकत्यांच्या खाचा एका रेषेत यायच्या आणि कडी सुटायची. हे 'पोलहेम कुलूप' फार गाजलं.

पण मला आवडली ती त्याची मुळाक्षरं. स्टॉकहोमच्या तंत्रविज्ञान संग्रहालयाकडे त्याचे लाकडी नमुने आहेत. पोलहेम म्हणायचा, जशी अक्षरं जोडून शब्द होतात, तसे छोटे छोटे यांत्रिक भाग जोडून यंत्र होतं. म्हणून विद्यार्थ्यांनी आधी यंत्रांची मुळाक्षरं शिकावीत. तरफ, चाक, कप्पी, स्क्रू आणि पाचर हे पाच त्याचे स्वर! बाकीची व्यंजनं. स्वराशिवाय शब्द नाही, तसं या पाचांशिवाय यंत्र नाही. आपण बाराखडी घोकतो ना, तशी ही लाकडाची बाराखडी. आजी कुठेच फार वेळ थांबत नाही, पण पोलहेमची ही हकिकत तिनं पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाली, "आपल्या दाराचा अडसर याच्यात कुठं बसतो?" मी विचारात पडलो. तुम्हीही पडा.

पोलहेम जन्मला त्याच १६६१ साली स्टॉकहोममध्ये आणखी एक गोष्ट झाली. इथल्या बँकेनं कागदी नोटा काढल्या, युरोपातल्या पहिल्या. आणि आज त्याच शहरात नोटा घेऊन फिरणारा माणूस अडकतो! शहरातल्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. अनेक दुकानांच्या दारावर पाटी असते, फक्त कार्ड. आजीनं कनवटीला जपून आणलेले क्रोनर तसेच परत आले. सगळं काही फोनमध्ये: पैसे फोनमध्ये, तिकीट फोनमध्ये, नकाशा फोनमध्ये आणि किल्लीही फोनमध्ये.

जुन्या शहरात, गामला स्तानमध्ये, आम्ही दुपारभर हिंडलो. तिथे मोर्टेन ट्रोट्सिग नावाचा एक बोळ आहे. छत्तीस पायऱ्या आणि सर्वांत अरुंद जागी रुंदी फक्त नव्वद सेंटिमीटर. समोरून कुणी आलं तर एकानं भिंतीला चिकटायचं. भाचीला हे एवढं आवडलं, की ती चार वेळा वर-खाली करून आली. मग एका छोट्या दुकानात आम्ही सेमला खाल्ला. हा एक गोल पाव. वरचं टोपण कापून आत बदामाचं सारण आणि वर मलईचा डोंगर. ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या दिवसांआधी, जानेवारी-फेब्रुवारीत, तो दुकानादुकानांतून दिसतो. आजीनं पहिला घास घेतला आणि डोळे मोठे केले.

"वेलदोडा!"

खरंच, स्वीडनच्या गोड पावात वेलदोडा असतो. एवढ्या बर्फात, एवढ्या लांब, आणि पावाला आपल्या श्रीखंडाचा वास. अडॉल्फ फ्रेडरिक नावाचा इथला एक राजा १७७१ च्या फेब्रुवारीत भरपेट जेवणावर हेच पाव खाऊन वारला असं सांगतात. ते ऐकूनही आजीनं दुसरा मागवला.

आणि आता त्या रात्रीची गोष्ट.

आजीला झोपताना दूध लागतं. मुक्कामाची तिसरी रात्र. साडेआठ वाजले होते. दूध संपलं होतं. "आत्ता आणतो," म्हणून मी निघालो. दुकान आठ मिनिटांच्या वाटेवर. बाहेर उणे चौदा अंश. झाडांच्या फांद्यांवर बर्फ साचून दिव्यात असा काही चमकत होता, की मी हातमोजा काढून फोननं फोटो काढत काढत गेलो. दुकानात पैसे दिले तेव्हा फोनची बॅटरी तीस टक्के होती. परत येताना आणखी दोन फोटो काढले. तिसरा काढायला गेलो आणि फोन बंद. काळा. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काही नाही.

हॉटेलच्या दाराशी आलो. ती काळी पट्टी. फोन टेकवला. मला ठाऊक होतं काही होणार नाही, तरी टेकवला. आत दिवे होते, खुर्च्या होत्या, माणूस नव्हता. त्या हॉटेलात रात्री आठनंतर कार्यालय बंद. काचेवर एक चिठ्ठी होती: अडचण आल्यास या नंबरवर फोन करा.

फोन करा!

मी काच ठोठावली. चौथ्या मजल्यावर ऐकू जाणार कसं? एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन चालले होते. मी हाक मारेपर्यंत ते कोपऱ्यावरून वळलेसुद्धा. पायांची बोटं आधी दुखली आणि मग दुखायची थांबली, हे काही चांगलं लक्षण नव्हे. पण खरं सांगू का, थंडीपेक्षा दुसरीच गोष्ट छातीत धडधडत होती. वर एक म्हातारी आणि एक लहान मुलगी. त्यांच्याकडे किल्ली नाही. त्या मला शोधायला खोलीबाहेर आल्या आणि मागे दार बंद झालं तर? ती दारं आपोआप बंद होतात. दुकानाकडे परत जाऊन कुणाचा तरी फोन मागावा, असं ठरवून मी वळणार, तोच पुन्हा वाटलं, मी इथून हललो आणि त्या खाली आल्या तर?

वर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. आजी म्हणाली, "तुझा मामा अजून आला नाही. बघ गं खिडकीतून." आमची खिडकी नेमकी दाराच्या बाजूची, पण ती उघडत नाही, नुसती काच. भाचीनं खाली पाहिलं.

"आजी, मामा दारात नाचतोय."

मी नाचत नव्हतो, पाय आपटत होतो. पण पोरीच्या लगेच लक्षात आलं. तिनं मोजलं होतं ना, तीन वेळा! बाहेरचं दार, लिफ्ट, खोली. तिन्हीकडे किल्ली लागते. मग तिनं असा विचार केला: बाहेरून आत यायला किल्ली लागते, आतून बाहेर जायला लागत नाही. हे तिनं आल्या दिवशीच पाहिलं होतं. आणि ते बरोबरच आहे. हॉटेलचं कुलूप कितीही आधुनिक असो, आतून नुसती मूठ दाबली की दार उघडलंच पाहिजे. आग लागली तर आतली माणसं कोंडून पडू नयेत म्हणून. म्हणजे खाली जाणं सोपं. पण परत वर येताना? लिफ्ट चालणार नाही. जिन्याचं दार जिन्याच्या बाजूनं उघडेल की नाही कोण जाणे. आणि खोलीचं दार तर नाहीच.

"आजी, तुझे सपाता दे."

एक सपाता खोलीच्या दारात अडकवली. दुसरी जिन्याच्या दारात. आजी नुसत्या मोज्यांवर दोन्ही दारांच्या मधोमध उभी राहिली, पहाऱ्याला. (जिन्याची ती दारं आगीचा धूर अडवण्यासाठी असतात, ती अशी अडवून ठेवायची नसतात, हेही सांगून ठेवतो. पण ही दोन मिनिटांची गोष्ट होती आणि पहारेकरी होता.) भाची चार मजले धावत उतरली, खालचं दार ढकललं आणि ते बंद होऊ नये म्हणून दारातच पाय रोवून उभी राहिली.

"मामा, दूध गोठलं का रे?"

मला बोलता येईना. ओठच हलत नव्हते.

वर आलो. आजीनं काहीही न बोलता माझे हात आपल्या हातांत घेऊन चोळले. रागावली असती तर बरं वाटलं असतं. अर्ध्या तासानं फोन आपोआप ठीक झाला. सुरू केला तर बॅटरी बावीस टक्के! म्हणजे वीज संपलीच नव्हती. फोनच्या बॅटरीत रसायनं असतात आणि थंडीत त्यांचं काम मंदावतं. बॅटरीत वीज असते, पण ती लागेल तेवढ्या जोरानं बाहेर येत नाही. दाब उतरला की फोन स्वतःच्या बचावासाठी बंद पडतो. ऊब मिळाली की पुन्हा जागा होतो. काही नव्या फोनांत आता अशी सोय आहे, की बॅटरी उतरून फोन बंद पडला तरी किल्लीचं काम काही तास चालतं. माझा फोन तसा नव्हता, आणि आमची किल्लीही तशी नव्हती.

त्या रात्री झोप येईना, म्हणून भाचीला मी कुलपांच्या आणखी गोष्टी सांगितल्या. त्यातली तिला आवडलेली ही. २००३ मध्ये बर्लिनच्या एका हॉटेलातून संगणक सुरक्षेचं काम करणाऱ्या एका माणसाचा लॅपटॉप चोरीला गेला. दार फोडल्याची खूण नाही, काही नाही. हॉटेलवाल्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. पण त्याचे दोन फिनिश मित्र, टोमी तुओमिनेन आणि टिमो हिर्वोनेन, इरेला पेटले. कामातून वेळ मिळेल तेव्हा ते वर्षानुवर्षं हॉटेलच्या कुलपांचा अभ्यास करत राहिले. अखेर त्यांना सापडलं, की एका जुन्या प्रकारच्या यंत्रणेत कुठलंही साधं, मुदत संपलेलंही कार्ड हाती आलं तर त्यावरून काही मिनिटांत सगळ्या खोल्या उघडणारी किल्ली तयार करता येते! मग त्यांनी काय केलं? गाजावाजा केला नाही. आधी कंपनीला गुपचूप कळवलं, दुरुस्ती तयार होऊ दिली आणि मगच, २०१८ च्या एप्रिलमध्ये, जगाला सांगितलं.

"आणि लॅपटॉप?"

तो काही मिळाल्याचं ऐकलं नाही.

सकाळी आठ वाजता कार्यालय उघडलं. मी खाली गेलो तो जरा तावातच. समोरच्या तरुणानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दिलगिरी व्यक्त केली आणि खणातून दोन प्लॅस्टिकची कार्डं काढून यंत्रावर ठेवली. वीस सेकंदांत दोन किल्ल्या तयार!

"ही आधी का नाही दिलीत?"

"तुम्ही फोनची किल्ली निवडली होती ना," तो म्हणाला. "कार्ड कुणी मागितलं तर आम्ही देतो."

मला काही त्याचं म्हणणं पटलेलं नाही, आजही नाही. समोर एक आजी आणि एक मुलगी उभी दिसत असताना मागण्याची वाट कशाला बघायची? पण हेही खरं, की मी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कार्ड मिळालं असतं. आजीनं तर विचारलं होतं. मलाच विचारलं होतं, दारात उभं राहून.

एक कार्ड भाचीनं घेतलं. ती दिवसातून सात-आठ वेळा विनाकारण खाली जाऊन वर येऊ लागली. लिफ्टला कार्ड टेकवायचं, खोलीला टेकवायचं, खट्! दुसरं कार्ड आजीनं हातात घेऊन पाहिलं. ना दात, ना भोक. "हिला अडकवायचं कशात?" म्हणत तिनं ते पदराच्या टोकाला बांधून गाठ मारली आणि वरून स्वेटर, वरून कोट चढवला. त्यानंतर दार उघडायची वेळ आली, की कोट उघडा, स्वेटर वर करा, गाठ सोडा, असा सगळा सोहळा व्हायचा. मी फोन काढून दार उघडायला गेलो तर आजी म्हणायची, "थांब. माझ्याकडे किल्ली आहे."

निघायच्या दिवशी ती कार्ड परत द्यायला कार्यालयात गेली. तो तरुण म्हणाला, राहू द्या, ते आता काही उघडत नाही. भाचीनं मराठीत सांगितल्यावर आजीनं मान हलवली आणि कार्ड पुन्हा पदराला बांधलं. वाईला आल्यावर तिनं भाचीला सुई तापवून त्याच्या कोपऱ्यात भोक पाडायला लावलं. आता जुडग्यात दहा किल्ल्या आहेत, आणि त्यांतल्या तीन किल्ल्यांची कुलुपं आमच्या घरात कुठेच नाहीत.